ब्रेक साहेब आणि चौदा लॉऱ्या

आमच्या घरमालकांनी नारळाच्या झाडाला फिटनेस सर्टिफिकेट दिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या दिवशी ते हातात खडू घेऊन घराबाहेर यायचे. झाडाच्या बुंध्यावर थापट्या मारायचे, कान लावायचे, अंगठ्याने साल दाबून बघायचे आणि मग ठळक अक्षरांत लिहायचे, एफ.सी. खाली तारीख. झाडानंतर फाटक, मग पाण्याची मोटर, जिना, वाटायचा रगडा, खुर्च्या. एका वर्षी वेताची एक खुर्ची नापास झाली. ती कितीतरी महिने व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. “सस्पेंड हाय ती,” ते पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे बिचारे उभ्यानेच कॉफी प्यायचे.

गाडी रस्त्यावर धावण्याच्या लायकीची आहे की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टरला म्हैसूरकडे ‘ब्रेक इन्स्पेक्टर’ म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तेच काम केलं, आणि निवृत्त झाल्यावर ते थांबवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. लॉरीवाले त्यांना ‘ब्रेक साहेब’ म्हणायचे. मी काका म्हणायची. माझी धाकटी बहीण रेणू शेजारच्या पोरांचं ऐकून ‘अज्जा’, म्हणजे आजोबा, म्हणायला लागली, आणि त्या हाकेला ते सगळ्यांत लवकर ओ द्यायचे.

आम्ही मूळच्या कराडच्या. वडील गेल्यावर मला हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि आई, रेणू आणि मी अशा तिघी म्हैसूरला आलो. माझं काम क्वालिटी विभागात. यंत्रावरून उतरलेले सुटे भाग मापात आहेत का ते बघायचं. म्हणजे तपासनीस मीही होतेच.

रेणू तेव्हा सव्वीस वर्षांची होती. जन्माच्या वेळी ती उशिरा रडली होती, आणि पुढे तिचं शरीर वाढलं तशी समज वाढली नाही. बोलायची मोजकं. आकडे एकेक करून वाचायची, पण बेरीज जमायची नाही. घर बघायला आम्ही तिघी जायचो, आणि फोनवर रिकामं असलेलं घर रेणूला पाहिलं की नुकतंच कुणालातरी दिलेलं निघायचं. अशी पाच-सहा घरं झाली. बोगादीतल्या या घराच्या दारात मी तर आधीच तोंड वाईट करून उभी होते.

आई आणि मी वरचं घर बघून आलो तोवर रेणू खालीच थांबली होती. काकांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही. त्यांनी रेणूला विचारलं, “तुला जिना चढायला येतंय? चढून दाव. किती पायऱ्या सांग.”

रेणू वर गेली, खाली आली. “वीस,” म्हणाली.

“सतरा हायत. होगली बिडी. जाऊ दे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी दोघी मघाशी नवव्या पायरीवर पाय देऊन गेला. हिनं ती गाळली. का गाळली म्हाईत हाय? हलतीय ती पायरी. मी मुद्दाम तशीच ठेवलीय, भाडेकरू तपासायला. घर दिलं. आयतु.”

‘आयतु’ म्हणजे झालं. त्यांचं कुठलंही बोलणं त्या शब्दावर थांबायचं. मग पुढे काही विचारायची सोय नसायची.

त्यांची मराठी मला पहिले काही महिने कळायचीच नाही. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं होतं की एखादं वाक्य साताऱ्यात सुरू व्हायचं आणि श्रीरंगपट्टणात संपायचं. मी ‘म्हणून’ म्हटलं की ते हसायचे. “तुमची मराठी पेपरातली. आमची घोड्यावरची.” खापरपणजोबा पागेत घोड्यांचे नाल तपासायचे, असं ते अभिमानाने सांगत. “ते नाल बघायचे, मी टायर बघितलं. धंदा एकच.”

भाषेवरून एकदा आमच्याकडे रडारडच झाली. आम्ही नवीन होतो. समोरच्या बाई चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, घेऊन आल्या, रेणूला बघून थबकल्या आणि म्हणाल्या, “अय्यो, पाप!” आईचा चेहरा पडला. कराडला नातेवाइकांनी तिला पूर्वजन्मीच्या पापाबद्दल पुष्कळ ऐकवलं होतं. इथे परक्या गावात पहिल्याच भेटीत तेच. ती त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी काकांच्या कानावर ते गेलं, तसे ते जिना चढून वर आले.

“ते तसलं पाप न्हवं, ताई. कन्नडात पाप म्हणजे बिचारी. कीव आली की म्हणतात.”

“असं होय,” आई डोळे पुसत म्हणाली. “मग काही नाही.”

“काही न्हाई कसं? तुमचं पाप एकदा फेडलं की संपतंय तरी. हे संपत न्हाई. भेटंल तो म्हणतोय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या बाईंना फाटकाशी बोलावून अतिशय गोड कन्नडात सांगितलं की या फाटकाच्या आत तो शब्द आणायचा नाही, बाहेर काय म्हणायचं ते म्हणा. बाई रागावल्या नाहीत, पण बरेच दिवस रेणूला बघून त्यांचं तोंड उघडायचं आणि नुसतंच मिटायचं.

रेणू गोळा फेकू लागली ती त्यांच्या चौकसपणामुळे. मागच्या अंगणात पडलेले नारळ ती उचलून कोपऱ्यात टाकायची. एके दिवशी तिने एक नारळ कोपऱ्यात न टाकता भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये भिरकावला. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. काकांनी तिला दुसरा नारळ दिला. मग तिसरा. मग पलीकडे जाऊन तिन्ही कुठे पडले ते पावलांनी मोजून आले. आठवडाभर हाच खेळ चालला. ती उजव्या हाताने फेकते तर डावा पाय आधी का टाकते? खुशीत लांब जातो की रागात? जेवणाआधी की नंतर? मला तो म्हाताऱ्याचा चाळा वाटला. पण त्यांनी चौकशी करत करत एक मैदान शोधून काढलं. तिथे पुष्पा मिस नावाच्या क्रीडाशिक्षिका रेणूसारख्या मुलामुलींना धावणं, गोळाफेक, वेगचाल शिकवत होत्या. रोज दुपारी चार वाजता काका रेणूला स्कूटरवर मागे बसवून तिकडे नेऊ लागले. आईचे गुडघे धरलेले, मी कारखान्यात. ते नसते तर रेणू त्या मैदानाचं तोंडही बघती ना.

एकदा कंपनीची बस सिग्नलला थांबली असताना खिडकीतून मला त्यांची स्कूटर दिसली. मागे रेणू ताठ बसून मोठ्याने म्हणत होती, “लाल. लाल. अजून लाल. हिरवा झाला, अज्जा, चला!” स्कूटर निघाली. मी मनात म्हटलं, बघा, किती मायेने खेळ शिकवताहेत.

वर्षभराने पुष्पा मिसच्या अकरा जणांची निवड दुसऱ्या राज्यातल्या स्पर्धांसाठी झाली. त्यात रेणू होती. प्रवास, राहणं, बूट, सगळ्याची जमवाजमव करायची होती. मैदानाला मदत करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी सभागृह, हारतुरे आणि भाषणांचा बेत केला. मुलांना स्टेजवर ओळीने बसवायचं आणि पाहुण्यांनी पाकिटं द्यायची. बैठकीत काका मागच्या बाकावर बसले होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, “त्यापेक्षा लॉऱ्या काढू.”

कुणाला काही कळेना. त्यांनी समजावलं. लॉऱ्यांची रांग हूटगळ्ळीहून निघेल, बोगादीवरून गल्लोगल्ली फिरत बन्नीमंटपाच्या संचलन-मैदानाशी जाईल. लोकांनी घरातली रद्दी, भंगार, मोडकी भांडी आणून द्यायची. प्रत्येक लॉरीत ड्रायव्हरशेजारी एक खेळाडू बसेल. गाडी थांबली की तो उतरून माल ताब्यात घेईल. तो माल विकून खर्च भागवायचा. “सुम्ने, उगाच हात पसरायला नको. लॉरीचं काम वझं नेणं. ते करू दे. पोरांचं काम उचलणं, फेकणं. ते करू दे. अष्टे. एवढंच.”

ज्या लॉरीवाल्यांना त्यांनी आयुष्यभर नापास केलं होतं, त्यांच्याकडेच ते रविवार मागायला गेले. मी कुतूहलापोटी सोबत गेले होते. स्टँडवर त्यांना बघून दोन ड्रायव्हर सवयीने लॉरीमागे लपले. लॉरीवाल्यांचा पुढारी सिद्दप्पा, मोठ्या मिशांचा, छातीने रुंद माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडात म्हणाला, “साहेब, तुम्ही माझी गाडी चार वेळा परत पाठवलीत. तुम्ही कधी माझ्याकडे काही मागाल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. चौदा गाड्या देतो.”

काकांनी हात जोडले आणि त्याच दमात म्हणाले, “आदी तपासणार.”

फुकट मागितलेल्या चौदा गाड्यांपैकी त्यांनी पहिल्या दिवशी नऊ नापास केल्या. सिद्दप्पाची स्वतःची त्यांत होती, केबिनमधली शेजारची सीट हलते म्हणून. स्टँडवर भांडणाची वेळ आली. “दान मागायला आलात की चलन फाडायला?” एक जण ओरडला. काका शांतपणे म्हणाले, “त्या सीटवर माणूस बसणार हाय.”

त्यांची तपासणी बघण्यासारखी असायची. टायरवर काठी मारून आवाज ऐकायचे. नट तळव्याने चाचपायचे. ब्रेक दाबायला लावून चाकाशी कान न्यायचे. दिव्यांच्या वेळी मात्र रेणूला बोलवायचे. “लागला?” “लागला.” “डावा?” “नाही लागला.” “फेल.” ड्रायव्हर एकमेकांना कोपराने ढोसायचे, की म्हातारा डोळे मिटूनसुद्धा गाडी ओळखतो. आणि रेणूला ते उगाच मान देतात याचं सगळ्यांना कौतुक वाटायचं. मलाही. तीन आठवड्यांत एकेक करून चौदाही पास झाल्या. सिद्दप्पाने सीट पक्की करून तिच्यावर नवं तांबडं रेक्झिन चढवलं होतं.

त्या दिवसांत एकदा मी धीर करून त्यांना विचारलं. सगळी गल्ली त्यांच्याबद्दल तर्क करत होती. कुणी म्हणे त्यांचा एक भाऊ असाच होता, कुणी म्हणे मुलगी होती, लहानपणीच गेली. मी म्हटलं, “काका, तुमच्या घरात असं कोणी होतं का?”

“असं म्हणजे?”

“रेणूसारखं.”

ते विचारात पडले. खरोखरच आठवून बघत असल्यासारखे. “न्हाई. दोन मुली, दोगी बेंगळूरात हायत, दोगी माझ्यापेक्षा हुशार. भाऊ पोस्टात होता.” मग जरा गोंधळून त्यांनीच मला विचारलं, “लागतंयच काय, घरात कोणी?”

मी घाईने जिना चढून वर गेले.

रविवार उजाडला. हूटगळ्ळीला कारखान्यांच्या रस्त्यावर चौदा लॉऱ्या दसऱ्याच्या आयुधपूजेसारख्या सजून उभ्या होत्या. झेंडूच्या माळा, रेडिएटरला केळीचे खुंट, काचेवर कुंकू. निळ्या ट्रॅकसूटमधले अकरा खेळाडू आपापल्या ड्रायव्हरशी हात मिळवत होते. उरलेल्या तीन गाड्या नुसत्या मालासाठी. रांगेच्या पुढे काकांची जुनी जीप. ती ते स्वतः चालवणार होते आणि शेजारी रेणू बसणार होती. सिद्दप्पाने तिच्यासाठी तांबडी सीट राखली होती, पण रेणूने ठामपणे सांगितलं, “मी अज्जाकडे.”

तेवढ्यात अध्यक्ष आले. सोबत फोटोग्राफर आणि हारांची टोपली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “मुलं आत बसवून काय उपयोग? पहिल्या लॉरीच्या हौद्यात सगळ्यांना उभं करा, हार घाला. लोकांना दिसली तर पाझर फुटेल.”

“माल न्यायच्या गाडीत मागं माणूस उभा करायचा न्हाई. कायदा हाय,” काका म्हणाले.

“अहो, एक दिवसाचा प्रश्न आहे. ती मुलं आहेत, माल थोडाच आहे?”

“तेच म्हणतोय की.”

अध्यक्षांना ते कळलं की नाही कोण जाणे. पण चौदा ड्रायव्हर एव्हाना काकांच्या मागे येऊन उभे राहिले होते, आणि हारांची टोपली निमूट परत मोटारीत गेली.

सगळ्यांचा उत्साह वाढला. सिद्दप्पाला थट्टेची लहर आली. तो जीपपुढे आडवा उभा राहिला. “साहेब, आज सगळे तपासले गेले. गाड्या, सीट, आरसे. तुम्हीच राहिलात. लायसन्सची परीक्षा आम्हीही दिली आहे. पंचवीस मीटरवरच्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचा.” त्याने हात करून समोर, रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या, अजून रांगेत न आलेल्या लॉरीकडे बोट दाखवलं. “तो वाचा, की आम्ही पास करतो.”

ड्रायव्हर हसू लागले, टाळ्या वाजवू लागले. काकाही हसले. त्यांनी त्या दिशेला तोंड केलं. आणि ते गप्प राहिले.

हसण्याचा आवाज हळूहळू विरत गेला. मी जीपच्या मागे उभी होते. मला वाटलं, मुद्दाम ताणताहेत. तेवढ्यात जीपमधून रेणूचा आवाज आला, हळू, रोजच्यासारखा, “नऊ. चार. चार. सहा.”

“नऊ, चार...” काकांनी मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. आणि थांबले.

त्या थांबण्यात मला सगळं कळलं. सिग्नल. दिवे. “लागला? नाही लागला.” नटांवरून फिरणारा तो तळवा. रोज चार वाजता माझी बहीण ज्या स्कूटरवर बसून रहदारीतून जायची, तिचा चालवणारा बघत नव्हता. तीच बघत होती.

काकांनी खिशातून जीपची किल्ली काढली आणि सिद्दप्पापुढे धरली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गाडी पास. ड्रायव्हर फेल.”

थट्टा करून बसल्याचं सिद्दप्पाला इतकं वाईट वाटलं की तो किल्ली घेईना. शेवटी पुष्पा मिसनी ती घेतली आणि जीप बाजूला लावली. सिद्दप्पाची लॉरी पुढे आली. काकांना हात देऊन त्याने केबिनमध्ये चढवलं, मधे बसवलं, आणि तांबड्या सीटवर खिडकीशी रेणू बसली.

मी त्यांच्याकडे गेले नाही. शेवटच्या लॉरीत चढले.

रांग चांगली झाली. त्या दिवसाबद्दल अजूनही लोक बोलतात. बोगादीत पोरांनी वर्षभराच्या वह्यांचे गठ्ठे आणले. एका निवृत्त मास्तरांनी सुतळीने बांधलेले वर्तमानपत्रांचे ढीग दिले आणि प्रत्येक ढिगाबरोबर एक दीर्घ निःश्वास टाकला. कुणी मोडका कूलर आणला, कुणी पितळी बंब. खेळाडू उतरायचे, माल उचलायचे, हौद्यात फेकायचे, ड्रायव्हर वर उभे राहून झेलायचे. आमच्या समोरच्या बाई डोक्यावर लोखंडी बादली घेऊन उभ्या होत्या. लॉरीच्या खिडकीत रेणूला बघून त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्या ओरडल्या, “रेणू, तोगो!” घे म्हणून. रेणूने उतरून बादली घेतली. बन्नीमंटपाला पोहोचलो तेव्हा चौदाही लॉऱ्या भरलेल्या होत्या, आणि मुलांच्या प्रवासाची चिंता मिटली होती. मी हे सगळं बघितलं, पण एखाद्या दुसऱ्याच्या लग्नात बघावं तसं.

संध्याकाळी काका जिना चढून वर आले. आज ते कठड्याला धरून येताहेत हे मला दिसलं. ते तसे किती महिने येत होते कोण जाणे. त्यांनी स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली.

“किती दिवस?” मी विचारलं.

“मागल्याच्या मागल्या दसऱ्यापासून. आदी धुकं पडल्यागत. मग वाढत गेलं.”

“डॉक्टरांकडे का नाही गेलात? कुणाला सांगितलं का नाहीत?”

“कुणाला सांगू? तपासणारा मीच की.”

“माझ्या बहिणीचा जीव पणाला लावून तुम्ही रोज रस्त्यावर...”

“हौदु,” ते म्हणाले. हो. ना सबब, ना खुलासा. मग म्हणाले, “एक सांगतो. माफीसाठी न्हाई. ती एकदा पण चुकली न्हाई. हे तुमाला म्हाईत असावं मनून सांगितलं.”

“आणि चुकली असती तर?”

“तर चूक माझी.” या वेळी ते ‘आयतु’ म्हणाले नाहीत.

पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. रेणूला आता पुष्पा मिस मैदानावर नेत होत्या. हूटगळ्ळीला दोन घरं बघून आले. एका रात्री जेवताना रेणूला विचारलं, “अज्जांना दिसत नाही, हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलं नाहीस.” तिने भात कालवला. “अज्जा विचारतात.”

आई खुर्ची सरकवून उठली आणि उगाच पाणी आणायला गेली.

मी त्या दोन वाक्यांवर बरेच दिवस घालवले. तो माणूस तिला वापरत होता, यात शंका नाही. त्याने जे केलं ते चूक होतं आणि आजही चूकच आहे. पण इतक्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी तिला जपलं, भरवलं, झाकलं. तिच्या शब्दावर पाऊल टाकणारा हाच एक निघाला. या दोन गोष्टी एका तागडीत बसत नव्हत्या. कारखान्यात मी हजारो भाग तपासले, पास किंवा फेल, तिसरा खण नव्हता. या माणसाला कुठल्या खणात टाकावं ते मला ठरवता येईना.

शेवटी एका सकाळी मी खाली जाऊन म्हटलं, “काका, चप्पल घाला. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय.” त्यांनी पायाने चाचपून चपला घातल्या.

तिथे मला दुसरेच काका दिसले. लॉरीवाल्यांना घाम फोडणारा माणूस त्या यंत्रावर हनुवटी टेकवताना दोनदा मागे सरकला. आयुष्यात कुणी त्यांना तपासलंच नव्हतं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, एवढा उशीर का केला? काकांनी उत्तर द्यायच्या ऐवजी विचारायला सुरुवात केली. आत बसवणार ते भिंग कशाचं असतं? घासलं जातं काय? किती वर्षं चालतं? काढलेलं जुनं भिंग कुठे टाकता? बाई हसत उत्तरं देत होत्या, आणि हळूहळू काका खुर्चीत नीट टेकून बसले. भीतीवर त्यांच्याकडे तेवढा एकच इलाज असावा.

आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, काही आठवड्यांनी दुसऱ्याची. स्पर्धेला निघायचा दिवस जवळ आला होता. काका म्हणाले, “जायच्या आदी एकदा मैदानावर जाऊ. रिक्षानं.” मी रजा टाकली. आम्ही तिघं गेलो.

ऊन उतरलं होतं. मैदानाच्या एका कडेला चुन्याने आखलेलं वर्तुळ होतं. पुष्पा मिसनी आम्हाला दोन खुर्च्या दिल्या. रेणू वर्तुळात उभी राहिली, गोळा मानेशी टेकवला, गुडघे वाकवले. काका खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते. गोळा सुटला, आणि त्याच क्षणी रेणूचा सगळा चेहरा उजळला. दात दिसतील असं, डोळे मिटतील असं हसू. गोळा जमिनीवर पडेपर्यंत ते टिकलं आणि मग गेलं. दुसऱ्या फेकीला तसंच. तिसऱ्या फेकीलाही.

काका माझ्याकडे वळले. वर्षभर रोज इथे येऊनही त्यांनी ते पाहिलं नव्हतं. गोळ्याच्या पडण्याच्या आवाजावरून ते अंतर सांगायचे, चेहरा त्यांना दिसतच नव्हता.

“ही हसतीय,” ते म्हणाले. “फेकताना. नेमी हसतीय काय?”

मी तोंड उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. मीही त्या मैदानावर पहिल्यांदाच आले होते.

“नेहमी,” मागून पुष्पा मिस म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून.”

काकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मीही माझी ओढली.